बडोदे ते मुंबई : हवाई अंतर व प्रवासाचा काळ

बडोदे, म्हणजेच वडोदरा, येथे गायकवाडांच्या काळापासून मराठी कुटुंबांची वस्ती असून शिक्षण, नोकरी व औषधोपचारांनिमित्त त्यांचे मुंबईस येणेजाणे असते. या दोन शहरांमधील लोहमार्गाचे अंतर ३९२ किलोमीटर आहे. दोन्ही विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर भरते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते अर्ध्या तासात संपावयास हवे. परंतु वेळापत्रकात सुमारे एक तास किंवा त्याहून थोडा अधिक अवधी असतो. विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि मुंबईस उतरण्याची पाळी येणे, हे सर्व त्यातच येते. शिवाय प्रवाशाने सुमारे दोन तास आधी विमानतळावर पोहोचणे इष्ट असते. घरापासून मुक्कामापर्यंतचा हिशेब केल्यास चार-पाच तास सहज होतात. जलद रेल्वेगाडीही स्थानकापासून स्थानकापर्यंत जवळपास तितकाच वेळ घेते. म्हणून रुग्णास रुग्णालयात अथवा उमेदवारास मुलाखतीस वेळेवर पोहोचावयाचे असल्यास तिकिटावरील एका तासावर न विसंबता संपूर्ण प्रवासाचा काळ विचारात घ्यावा.