दुखणं पाळीचं, निदान वंध्यत्वाच्या दवाखान्यात

"पाळीत पोट दुखायचंच, लग्न झालं की थांबेल." आई, मावशी, आत्या, सगळ्यांच्या तोंडी हेच. मुलगी गरम पाण्याची पिशवी धरून मुटकुळं करून पडते, कॉलेज बुडतं, वर्षं जातात. लग्नानंतर दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या होतात, आणि तेव्हा कुठे एंडोमेट्रिओसिस हे नाव कानावर पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या दहांपैकी एकीला, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना हा आजार आहे.

यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, म्हणजे बीजकोशांवर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यांवर वाढतो. पाळीच्या हॉर्मोन्सना तोही प्रतिसाद देतो, पण तिथल्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. बीजकोशात ते साचून काळपट-तपकिरी, दाट होतं. डॉक्टर त्या गाठीला चॉकलेट सिस्ट म्हणतात. सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडलं, की पाळीचं रक्त बीजवाहिन्यांतून उलटं पोटात जातं आणि तिथे या पेशी रुजतात. पण असं उलटं रक्त बहुतेक स्त्रियांच्या पोटात जातं. मग आजार थोड्याच जणींना का? आनुवंशिकता आणि रोगप्रतिकारशक्ती यांत उत्तर शोधलं जातंय. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल स्वास्थ्य संशोधन संस्थेतही यावर काम चालू आहे.

हा आजार असलेल्या अनेक जणींना उपचारांशिवायही मूल होतं, हे आधी सांगायला हवं. अडचण येते ती चिकटलेल्या बीजवाहिनीला सुटलेलं बीज उचलता येत नाही म्हणून, किंवा पोटातल्या सुजेचा बीजाला आणि शुक्राणूंना त्रास होतो म्हणून. आजार सौम्य असेल तर दुर्बिणीतून (लॅपरोस्कोपीने) तो काढल्याचा उपयोग होतो: कॅनडातल्या १९९७ च्या चाचणीत ३६ आठवड्यांत अशा शस्त्रक्रियेनंतर सुमारे ३१ टक्के जणींना गर्भ राहिला, नुसती दुर्बीण घालून पाहिलेल्यांपैकी १८ टक्के जणींना.

चॉकलेट सिस्टचं मात्र वेगळं. ती सोलून काढताना बीजकोशाचा निरोगी भागही थोडा जातो, बीजांचा साठा घटतो. म्हणून ऑपरेशनला होकार देण्याआधी बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी ए.एम.एच. ही रक्ततपासणी करा, आणि पुढे मूल हवं असेल तर बीजं गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. पाळी थांबवणाऱ्या गोळ्यांनी दुखणं आटोक्यात येतं, पण त्या घेतल्याने गर्भ राहण्याची शक्यता वाढत नाही. आणि 'मूल झालं की बरं होईल' हा सल्ला तर द्यायलाच नको. गरोदरपण हा या आजाराचा उपाय नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. अविवाहित मुलीची सोनोग्राफी बहुधा पोटावरूनच होते, त्यात या आजाराचे बारीक ठिपके दिसत नाहीत, आणि "सगळं नॉर्मल आहे" म्हणून तिला घरी पाठवतात. नॉर्मल रिपोर्टमुळे हा आजार नाही, असं ठरत नाही. शौचाला जाताना किंवा शरीरसंबंधाच्या वेळी होणारी कळ, दर महिन्याला बुडणारी शाळा किंवा नोकरी, एवढ्या लक्षणांवरूनही उपचार सुरू करता येतात. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. त्यासाठी आधी दुर्बीण घालण्याची गरज नाही, आणि लग्नाचीही नाही.