पदवी आणली, शहर पाहिलें काय?

परदेशीं विद्या संपादून परतलेल्या तरुणांस आमचा एकच प्रश्न आहे : ज्या शहरांत आपण दोन वर्षें काढलीं, तें आपण पाहिलें काय? पुष्कळांस वसतिगृह व परीक्षागृह यांपलीकडे कांहीं सांगतां येत नाहीं. आणि घरीं तर वडिलांनीं कर्ज काढलेलें असतें!

मँचेस्टरचेंच उदाहरण घ्या. तेथून जवळच रॉचडेल गांव आहे. तेथें टोड लेनमध्यें वखारीचा तळमजला भाड्यानें घेऊन विणकर व इतर कारागिरांनीं २१ डिसेंबर १८४४ रोजीं दुकान उघडलें. माल मोजका : पीठ, लोणी, साखर. पण भेसळ नाहीं, आणि नफा खरेदीच्या प्रमाणांत सभासदांस परत! आमच्या ग्राहक भांडारांचें तत्त्वही हेंच होय. त्या जागीं आतां संग्रहालय आहे. सहकार ग्रंथांत वाचणें निराळें व त्या उंबरठ्यावर उभें राहून समजणें निराळें.

कोणी म्हणतील, परक्यांचें कौतुक कशास? त्यांस आम्ही स्मरण देतों कीं, १९३१ सालीं महात्मा गांधी लँकेशायरांत जाऊन, ज्यांच्या धंद्यास बहिष्काराची झळ लागली होती, त्याच गिरणी कामगारांस भेटले. त्यानें स्वदेशीचा आग्रह तिळमात्र ढळला नाहीं.

शहर पाहण्यास रविवारची सुटी पुरते. म्हणून शिष्यवृत्ती देणाऱ्या व्यापारी बंधूंस आमची सूचना आहे कीं, गुणपत्रिकेबरोबर या रविवारांचाही हिशेब मागावा. भांडवल आपलें आहे. तें केवळ कागद घेऊन परत येऊं नये.