वडील कशानें वारले?

आपल्या घरांतील मुलांना गोत्र विचारावें, तीं चटकन् सांगतात. प्रवर विचारले तर थोडीं अडखळतात. मग आजोबा मदतीस येतात. श्राद्धाच्या दिवशीं पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांचीं नांवें यजमानास उच्चारावीं लागतात, आणि मातामहांकडील तीन पिढ्यांचींही. पुष्कळ घराण्यांनीं तर आपले कुलवृत्तांत छापून काढले आहेत. त्यांत मूळ गांव, शिक्षण, नोकरी, विवाह, अपत्यें, जन्ममृत्यूंचीं सालें हें सर्व मोठ्या परिश्रमानें दिलेलें असतें. परंतु याच घरांतील कर्त्या पुरुषास, “आपले आजोबा कोणत्या व्याधीनें वारले?” असें विचारून पाहावें. “म्हातारपणानें”, “कांहीं दिवस अंथरुणाला खिळून होते”, “कमरेचें दुखणें होतें वाटतें”, याहून अधिक उत्तर बहुधा मिळत नाहीं. व्याधि कमरेखालची असेल तर तेवढेंही मिळत नाहीं.

हा प्रश्न रिकामटेकड्या कुतूहलाचा नव्हे, हें मला एका जिवलग स्नेह्याच्या मृत्यूनें शिकविलें. आम्ही सर्व त्यांना अण्णा म्हणत असूं. वाईस एकाच शाळेंत आम्हीं दोघांनीं २६ वर्षें अध्यापन केलें. ते गणिताचे, मी संस्कृतचा. वाण्याच्या यादींत चूक आढळली कीं अण्णा परत दुकानीं जात, आणि चूक आपल्या लाभाची असली तर अधिक घाईनें जात. वर्गांत उत्तर चुकलेल्या मुलास त्यांनीं कधीं हात लावला नाहीं. “तुझ्या उत्तराचा मान राखून आपण पुन्हां एकदां मोजूं,” असें म्हणत, आणि तें मूल लाजून स्वतःच मोजूं लागे. अधिक मास कां येतो हें त्यांनीं मला कृष्णेच्या घाटावर खडूनें आंकडे मांडून समजावून दिलें होतें. तोंवर मी पंचांग केवळ वाचीत होतों.

निवृत्तीनंतर ढोल्या गणपतीवरून पुढें नदीच्या कडेनें जावयाचें आणि अंधार पडतां परतावयाचें असा आमचा नेम होता. साठी उलटल्यावर कांहीं दिवसांनीं अण्णांनीं तो मार्ग बदलला. नवा मार्ग असा असे कीं, वाटेंत दोन ठिकाणीं तरी लघुशंकेची सोय असावी. रात्रींही दोन-तीनदां उठावें लागतें असें त्यांनीं एकदां हसत सांगितलें, आणि “वयाचा भागाकार आहे, बाकी उरणारच,” असें म्हणून विषय संपविला. पुढें २०१७ च्या हिंवाळ्यांत कंबर धरली. तेलाची मालीश झाली, शेक झाला, पट्टा झाला, गादी काढून फळीवर निजणें झालें. सामान्य कंबरदुखी विश्रांतीनें हटते. ही रात्रीं पडल्यावर वाढत असे. आठ महिने असे गेले. एके दिवशीं पूजा आटोपल्यावर अण्णांना पाटावरून उठतां येईना, पायांत बळच राहिलें नव्हतें.

पुण्यास नेऊन मणक्याचा एम्. आर्. आय्. काढला. पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग हाडांपर्यंत पोंचला होता. रक्तांतील पी. एस्. ए. या द्रव्याचा जो आंकडा सर्वसाधारणपणें ४ च्या आंत असावा, तो ९०० च्या वर होता. अण्णांनीं कागद हातांत घेऊन डॉक्टरांस विचारलें, “दशांशचिन्ह छापावयाचें राहिलें नाहीं ना?” खोलींतील कोणासही हंसूं आलें नाहीं.

त्यांना संप्रेरकांचा जोर कमी करणारीं इंजेक्शनें सुरू झालीं. या व्याधीस पुरुषी संप्रेरकांचें पोषण मिळतें आणि तें तोडलें कीं ती माघार घेते, हें चार्ल्स हगिन्स यांनीं १९४१ सालीं अमेरिकेंत दाखवून दिलें. त्यांना १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. (मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालयही त्याच १९४१ सालीं उघडलें.) माघार घेते म्हणजे निघून जाते असें मात्र नव्हे. अण्णांना सव्वा वर्ष बरें मिळालें. तेवढ्यांत त्यांनीं नातवास अपूर्णांक शिकविले. २०१९ च्या कार्तिकांत ते गेले, वय ६६.

तेराव्या दिवशीं गोडाचें जेवण झाल्यावर ओटीवर बायकापुरुष बसले असतां अण्णांच्या आत्याबाई सहज बोलून गेल्या, “दादाचंही असंच झालं हो. शेवटीं लघवी बंद झाली, नळी घातली होती. कंबर तर वर्षभर धरलेली.” दादा म्हणजे अण्णांचे वडील. मग इंदूरास असलेल्या चुलत्यांचा विषय निघाला. त्यांचेंही “खालचें ऑपरेशन” झालें होतें, कशाचें तें कोणी विचारलें नव्हतें. अण्णांच्या पत्नीनें विचारलें, “आत्या, हें आजवर कधीं बोललां नाहीं?” त्या माउलीनें पदर सारखा करीत उत्तर दिलें, “बोलायचं काय त्यांत!” अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईस दोष देणें मला तरी शक्य नाहीं. आपल्या घरांची रीतच त्यांच्या तोंडून बोलत होती.

आतां ही ग्रंथी कोठें असते तें सांगतों. मूत्राशयाच्या खालीं, गुदाशयाच्या पुढें, मूत्रमार्गाला वेढून ती बसलेली असते. तारुण्यांत तिचा आकार अक्रोडाएवढा असतो आणि अपत्योत्पत्तीच्या कार्यांत तिचा रस उपयोगी पडतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ “पुढें उभा राहणारा” असा आहे, आणि आपल्या “पुरःस्थ” शब्दाचाही तोच. पारिभाषिक शब्द घडविणाऱ्यांनीं येथें अर्थाला पुरता न्याय दिला, ही संस्कृतच्या मास्तराची दाद समजावी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताच्या प्रकारांत वाताष्ठीला म्हणून एक प्रकार वर्णिला आहे. मलमार्ग आणि मूत्राशय यांच्यामध्यें दगडासारखी कठीण गांठ येऊन मूत्र अडतें, असें त्याचें लक्षण आहे. आपल्या पूर्वजांनीं ग्रंथांत जें स्पष्ट लिहून ठेवलें, त्याचा उच्चार करण्यास आपण ओटीवर लाजतों, ही मौजच म्हणावयाची.

उतारवयांत ही ग्रंथी बहुतेक पुरुषांची वाढते. त्यामुळें धार बारीक होणें, थांबून थांबून होणें, रात्रीं उठावें लागणें हे त्रास होतात. ही वाढ बहुधा निरुपद्रवी असते. ती कर्करोग नव्हे आणि तिचा पुढें कर्करोगही होत नाहीं. उलट खरा कर्करोग आरंभीं कांहींच त्रास देत नाहीं. म्हणून त्रास असेल त्यानें वैद्याकडे जावेंच. पण त्रास नाहीं एवढ्यावरून निश्चिंत राहणें हिशेबांत बसत नाहीं. त्रास नसतांना जी तपासणी करावयाची तीस चाळणी-तपासणी म्हणतात, आणि येथें ती दंडांतून घेतलेल्या थोड्याशा रक्तानें होते. पुष्कळ गृहस्थ बोटानें करावयाच्या परीक्षेच्या संकोचानें दवाखान्याची पायरी चढत नाहींत. त्यांना सांगावेंसें वाटतें कीं, आतां पुष्कळ डॉक्टर आरंभ केवळ रक्तापासूनच करतात.

या तपासणीबद्दल विद्वानांत मोठा वाद आहे, आणि तो वाचकांपासून लपविणें मला अप्रामाणिकपणाचें वाटतें. या द्रव्यावर १९७० सालीं मूलभूत संशोधन करणारे रिचर्ड ॲब्लिन यांनींच पुढें सरसकट तपासणीस कडाडून विरोध केला. आंकडा वाढलेल्या चार पुरुषांपैकीं सुमारें तिघांना कर्करोग नसतो. जंतुसंसर्गानें आणि साध्या वाढीनेंही तो चढतो. शिवाय सापडणाऱ्या कर्करोगांपैकीं कित्येक इतके मंद असतात कीं, माणूस दुसऱ्याच कारणानें आयुष्य संपवून जातो. अशांवर शस्त्रक्रिया केली तर लघवी न आवरणें आणि पुरुषत्वाची हानि हे त्रास मात्र पदरीं पडतात. म्हणून अमेरिकेंतील तज्ज्ञ-मंडळानें २०१२ सालीं ही तपासणी करूंच नये असें सांगितलें; २०१८ सालीं मत बदलून, ५५ ते ६९ या वयांत डॉक्टरांशीं विचार करून ज्यानें त्यानें ठरवावें, आणि सत्तरीनंतर सरसकट करूं नये, असा सल्ला दिला.

दुसऱ्या बाजूस युरोपांतील आठ देशांचा प्रयोग आहे. ५५ ते ६९ वयाच्या १ लक्ष ६२ हजार पुरुषांना त्यांनीं दोन गटांत वाटलें आणि २३ वर्षें त्यांचा मागोवा घेतला. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, ज्यांना तपासणीस बोलाविलें त्यांच्यांत या व्याधीचे मृत्यु शेंकडा १३ नीं कमी झाले. ४५६ पुरुषांना बोलाविलें तेव्हां त्यांतील एक मृत्यु टळला. अण्णा असते तर त्यांनीं म्हटलें असतें, “४५६ त एक, म्हणजे फार नाहीं.” आणि मग थोडें थांबून विचारलें असतें, “पण ज्याच्या घरीं वडिलांना झालेला आहे, त्याचा भाजक हाच राहील काय?”

तो राहत नाहीं, आणि माझें सारें म्हणणें एवढ्याच मुद्द्यासाठीं आहे. वडिलांना किंवा सख्ख्या भावास हा रोग झालेला असेल तर त्या पुरुषास तो होण्याचा संभव सुमारें दुप्पट असतो. मातृकुळाकडेही पाहावें लागतें. बी. आर्. सी. ए. २ नांवाच्या जनुकांतील दोष ज्या घराण्यांत असतो, तेथील स्त्रियांस स्तनाचा व बीजकोशाचा कर्करोग अधिक होतो, आणि तोच दोष आईकडून मुलास आला तर त्यास पुरःस्थाचा. म्हणजे आजी कशानें गेली, मावशीचें कसलें ऑपरेशन झालें, हें पुरुषानेंही विचारावयास हवें. श्राद्धांत मातामहांचें नांव घेतों, तें येथेंही घेतलें पाहिजे. आपल्या शासनाच्या योजनेंत तिशीपुढील लोकांची तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठीं तपासणी होते. पुरःस्थाचा त्यांत समावेश नाहीं. तेव्हां ही विचारपूस घरानेंच करावी लागते. सामान्य पुरुषानें पन्नाशींत आणि घरांत असा इतिहास असणारानें पंचेचाळिशीच्या आंतबाहेर डॉक्टरांजवळ हा विषय काढावा.

अण्णांचे धाकटे बंधु त्या वेळीं ५८ वर्षांचे होते. त्यांनीं वर्षभर टाळाटाळ केली, “मला काय झालंय?” हें एकच उत्तर. शेवटीं त्यांच्या पत्नीनें एक शब्द न बोलतां डॉक्टरांची वेळ ठरविली आणि रिक्षा दाराशीं उभी केली. आंकडा ६ च्या थोडा वर आला. मग एम्. आर्. आय्., मग सुईनें तुकडा काढून परीक्षा, आणि रोग निघाला. पण लहान, ग्रंथींतच असलेला, मंद जातीचा. डॉक्टरांनीं शस्त्रक्रिया करूं नये असें सांगितलें. ठराविक महिन्यांनीं रक्त तपासावयाचें, मधून मधून पुढील परीक्षा, आणि रोगानें चाल बदलली तरच उपचार. ब्रिटनमध्यें अशा १६०० हून अधिक पुरुषांस लक्ष ठेवणें, शस्त्रक्रिया व किरणोपचार अशा तीन मार्गांवर ठेवून १५ वर्षें पाहिलें. २०२३ सालच्या अहवालाप्रमाणें तिन्हीं मार्गांवर या रोगानें वारलेले शंभरांत सुमारें तीनच होते.

हें सर्व ऐकूनही बंधूंना पहिलें वर्ष कठीण गेलें. शरीरांत रोग आहे आणि कांहीं करावयाचें नाहीं, हें ओझें हलकें नव्हे. तपासणी केली हें बरें केलें का, असें ते मला दोनदां विचारून गेले. त्यांच्या पत्नीस तो प्रश्न पडत नाहीं. दीराचे शेवटचे महिने त्यांनीं पाहिले आहेत.

भगिनींनो, तुम्हांस म्हणून थोडें वेगळें लिहितों. यजमान रात्रीं किती वेळां उठतात हें त्यांच्यापेक्षां तुम्हांस अचूक ठाऊक असतें. सासरे मुलाशीं जें बोलणार नाहींत तें कधीं सुनेच्या कानांवर घालतात, निदान सासूबाईंच्या तोंडून तें कळतें. तेवढें डॉक्टरांपर्यंत पोंचविण्यांत मर्यादेचा भंग होत नाहीं. आणि पुरुषांनीं आपल्या मुलांस आपल्या दुखण्याचें खरें नांव सांगावें. “खालचें ऑपरेशन” एवढ्यानें पुढील पिढीस कांहीं कळत नाहीं.

रक्त देण्यापूर्वीं दोन दिवस ब्रह्मचर्य पाळावें आणि सायकल चालवूं नये. लघवीचा जंतुसंसर्ग होऊन गेला असल्यास सहा आठवडे थांबावें. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड हीं औषधें कांहीं महिने चालूं असतील तर डॉक्टरांस अवश्य सांगावें, कारण त्यांनीं आंकडा सुमारें अर्ध्यावर येतो आणि कागदावर सर्व ठीक दिसतें. एकदां आंकडा चढला म्हणून लगेच घाबरूं नये. बहुधा तो कांहीं आठवड्यांनीं पुन्हां तपासतात.

अण्णांच्या घरच्या कुलवृत्तांताची प्रत मीं अलीकडे पाहिली. धाकट्या सूनबाईंनीं प्रत्येक नांवासमोर समासांत बारीक अक्षरांत व्याधि आणि वय लिहिलें आहे. आत्याबाई असेपर्यंत त्यांच्याकडून विचारून घेतलें तेवढें. अण्णांच्या आजोबांसमोर प्रश्नचिन्ह आहे. इंदूरच्या चुलत्यांसमोरही होतें. त्यांच्या मुलानें गेल्या महिन्यांत जुने कागद शोधून पाठविले, आणि आतां तेथें “पुरःस्थ, ७१” असें लिहिलेलें आहे. तो मुलगा स्वतः ५२ वर्षांचा आहे. त्याच्या तपासणीची तारीख ठरली आहे.