व्यायामानंतरचा घास

श्रावणांतील तिसरा सोमवार उजाडण्यापूर्वींच त्र्यंबकेश्वरीं कुशावर्तावर स्नानाची दाटी होते व तेथून भाविकांची पावलें ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेस लागतात. कित्येक मंडळी तर रविवारीं रात्रींच नाशिकहून निघालेली असतात. लहान फेरी सुमारें २० किलोमीटरांची, मोठी तिच्या जवळजवळ दुप्पट. पायांखालीं चिखल, अंगावर पावसाची भुरभुर, आणि पहिन्याकडील हिरवे डोंगर एकदां दिसूं लागले म्हणजे थकव्याचें भान राहत नाहीं. तें येतें फेरी संपल्यावर, आणि त्याच्याबरोबर भूकहि येते. उपवासाचा दिवस असल्यामुळें साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, केळें, प्रसादाचे पेढे अशी सिद्धता असतेच. खातां खातां कोणीतरी म्हणतो, "आज एवढें चाललों आहों, कितीहि खाल्लें तरी अंगावर चढावयाचें नाहीं." आणि पंगतींतील सर्वांस तें पटतें.

हें वाक्य वर्षांतून एकदांच उच्चारलें जात असतें, तर त्याविषयीं लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु हल्लीं गंगापूर रस्त्यावर पहाटे फिरावयास जाणारे, पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढणारे, सायकलीवरून दूरवर रपेट करून येणारे असे पुष्कळ गृहस्थ व गृहिणी वजन उतरविण्याच्या हेतूनें घाम गाळतात, आणि घरीं आल्यावर तेंच वाक्य निराळ्या शब्दांत म्हणतात. व्यायामांत जितके उष्मांक खर्चिले तितके परत खाण्याचा आपणांस अधिकार आहे, असा हा समज. तो कितपत खरा आहे, हें थोडे आंकडे मांडून पाहूं.

सपाट रस्त्यानें मध्यम चालीनें जाणाऱ्या मनुष्यास, स्वस्थ बसला असतां जेवढे उष्मांक लागले असते त्यांवर, दर किलोमीटरास देहाच्या प्रत्येक किलोमागें सुमारें अर्धा उष्मांक अधिक लागतो. ७० किलो वजनाच्या गृहस्थास २० किलोमीटरांच्या फेरीचे याप्रमाणें ७०० उष्मांक होतात. चढउतार व चिखल यांबद्दल सढळ हातानें दोनशें अधिक धरले तरी ९००. आतां ताटाकडे वळूं. ७५ ग्रॅम साबुदाण्याचे सुमारें २६५, ३० ग्रॅम दाण्याच्या कुटाचे १७०, चहाचे दोन चमचे तुपाचे ९०. एका बशीभर खिचडीचे हे सव्वापांचशें झाले. त्यांत राजगिऱ्याचा एक लाडू, एक केळें व दोन पेढे मिळविले कीं बेरीज पावणेनऊशेंच्या आसपास जाते. पांचसहा तासांची पायपीट आणि दहा मिनिटांचें खाणें यांची तोंडमिळवणी अशी होते. दुसऱ्यांदा वाढून घेतलेली खिचडी मग कोणत्या खात्यावर मांडावयाची ?

रोजच्या फिरण्याचा हिशेब तर याहूनहि केविलवाणा आहे. तासाभरांत ५ किलोमीटर चालून त्याच गृहस्थाचे १७५ उष्मांक खर्च होतात. एक मध्यम पोळी व तिच्यावरील चमचाभर तूप यांतच दीडशें निघून जातात. परतीच्या वाटेवर मित्रमंडळी मिसळीच्या दुकानाशीं थांबली, तर त्या तासाचेंच काय, पुढील एकदोन दिवसांच्या फिरण्याचेंहि उत्पन्न आगाऊ उचललें जातें. नाशिककरांस मिसळ सोडा असें सांगण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. ती फिरण्याचें बक्षीस म्हणून खाऊं नये, मिसळ म्हणून खावी, एवढेंच म्हणणें आहे.

श्रमानंतर भरपूर खाल्लेंच पाहिजे हा समज आपल्याकडे तालमींतून घरांत आला असावा, असें आम्हांस वाटतें. यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या संस्था ज्या गांवांत आहेत, तेथें खुराक हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. जोर-बैठका झाल्या, कुस्ती झाली, कीं दूध, तूप, बदामाची थंडाई. त्या पोरासाठीं तें योग्यच होतें, कारण त्याला अंग भरावयाचें होतें. श्रम आणि खुराक हे दोन्ही एकाच हेतूचे सोबती होते. पन्नाशीच्या गृहस्थास मात्र पोट उतरवावयाचें असतें, आणि तो श्रम घेतो स्वतःचे व खुराक घेतो पैलवानाचा. याच नाशिकजवळ टाकळीस समर्थ रामदास रोज बाराशें सूर्यनमस्कार घालीत, असें परंपरा सांगते. पण तीच परंपरा असेंहि सांगते, कीं ते पंचवटींत मागितलेल्या मधुकरीवर राहत. नमस्कारांची संख्या सर्वांच्या ध्यानांत राहिली, मधुकरीची गोष्ट तेवढी राहिली नाहीं.

आतां मनगटावर घड्याळ बांधून फिरण्याची चाल पडली आहे. पावलें किती झालीं, नाडी किती चालली, उष्मांक किती खर्च झाले, सर्व कांहीं तें सांगतें. आणि आंकडा यंत्रानें सांगितला म्हणजे सुशिक्षित मनुष्याचा त्यावर सहज विश्वास बसतो. २०१७ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं अशा सात यंत्रांच्या परीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. नाडीचे ठोके बहुतेक यंत्रांनीं ठीक मोजले होते, परंतु उष्मांकांच्या बाबतींत सर्वांत चांगल्या यंत्राची चूक सरासरीनें २७ टक्के व सर्वांत वाईटाची ९३ टक्के निघाली. त्यांत आणखी एक मेख अशी, कीं असलीं यंत्रें पुष्कळदां त्या वेळचा एकंदर खर्च दाखवितात. तोच तास आरामखुर्चींत वर्तमानपत्र वाचीत घालविला असता, तरी ७० किलोच्या देहानें सत्तरएक उष्मांक खर्च केलेच असते. ते व्यायामाच्या नांवावर जमा करून त्यांवर खाणें म्हणजे घरभाड्याचे पैसे मिळकत समजून उधळण्यासारखेंच होय.

याहूनहि अधिक घोटाळा होतो तो दोनदां मोजण्याचा. आहाराचें प्रमाण ठरवितांना दोन रीती असतात. एक रीत अशी, कीं मनुष्य दिवसभर बैठें काम करतो असें धरून अन्नाचें मान ठरवावें; दुसरी, त्याचें काम, फिरणें व व्यायाम सर्व धरून ठरवावें. दुसऱ्या रीतीनें ठरलेल्या प्रमाणांत व्यायामाचे उष्मांक आधींच घातलेले असतात. असें प्रमाण हातीं असतांना व्यायामाबद्दल आणखी खाणें म्हणजे एकाच श्रमाचें वेतन दोनदां घेणें. म्हणून ज्यानें प्रमाण ठरवून दिलें त्यास पहिला प्रश्न हाच विचारावा : यांत माझें फिरणें धरलें आहे कीं नाहीं ? महिनोन्‌महिने कांटा न हलल्यामुळें निराश झालेल्या पुष्कळ मंडळींचें कोडें या एका प्रश्नानें सुटण्यासारखें आहे.

पण समजा, प्रमाण बैठ्या कामाचें आहे आणि आंकडाही बरोबर आहे. तरी सुद्धां देह हा वाण्याच्या चोपडीप्रमाणें वागत नाहीं. सकाळीं तासभर चालून आलेला मनुष्य दुपारीं नकळत अधिक लोळतो, जिना टाळतो, पाण्याचा तांब्या मुलाकडून मागवितो. २००९ सालीं अमेरिकेंत रजोनिवृत्तीनंतरच्या ४६४ स्थूल स्त्रियांवरील सहा महिन्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. व्यायामाच्या कमीअधिक प्रमाणांवरून त्यांचे वर्ग पाडले होते. सर्वांत अधिक व्यायाम करणाऱ्या वर्गाचें वजन हिशेबाप्रमाणें सरासरी २.७ किलो उतरावयास हवें होतें. उतरलें अवघें दीड किलो. मधल्या वर्गाचें मात्र जवळजवळ हिशेबाइतकेंच उतरलें. हर्मन पाँट्झर या संशोधकानें २०१२ सालीं टांझानियांतील हाडझा नांवाच्या वनवासी लोकांविषयीं दाखविलें, कीं शिकार व कंदमुळें यांसाठीं रोज मैलोगणती चालणाऱ्या या लोकांचा दिवसाचा एकंदर खर्च, देहाचें आकारमान लक्षांत घेतलें असतां, पाश्चात्त्य शहरवासीयांहून फारसा निराळा नाहीं. देह एका बाजूस वाढलेला खर्च दुसऱ्या बाजूस आंवरून घेतो, असें त्याचें अनुमान. हें आंवरणें कितपत होतें याविषयीं शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण खर्चाचा प्रत्येक उष्मांक मोकळा शिलकीस राहतो, असें समजून ताट वाढूं नये, इतकें तरी त्यावरून निश्चित होतें.

मग चालण्याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग आहेच, आणि आपणां लोकांस तो विशेष आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकपत्रांत स्वतःचींच उदाहरणें दिलीं होतीं. उंचीच्या मानानें वजन मोजण्याचा जो आंकडा असतो तो दोघांचाहि २२.३, परंतु युडकिन यांच्या देहांत चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहांत २१.२. दिसावयास सडपातळ असणारे आपण आंतून असे असतों. म्हणून कांटा न हलला तरी फिरणें, नमस्कार घालणें, जिने चढणें सोडूं नये. स्नायु टिकतात आणि साखरेचा निकाल लागतो. मात्र वजन उतरविण्याचें मुख्य काम ताटाचें आहे. चरकानें स्थूलांसाठीं जें अन्न सांगितलें तें पचावयास जड पण पुष्टि न करणारें, असें आहे. जव, मूग, कुळीथ हे पदार्थ त्यानें पुढें केले आहेत. फिरून आल्यावर खरीच भूक लागली असेल, तर मोडाच्या मटकीची उसळ, कुळथाचें पिठलें किंवा वाटीभर दहीं यांनीं ती शमते व बराच वेळ शमलेली राहते. साबुदाण्याचा हा गुण नाहीं. त्यांत जवळजवळ केवळ पिष्ट असतें.

इतकें सर्व सांगितल्यावर, ज्यांनीं परत खाल्लेंच पाहिजे त्यांच्याविषयीं लिहिणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें. कारण जास्त खाल्ल्यानें एका महिन्याची मेहनत फुकट जाते, पण कमी खाल्ल्यानें प्रकृति जाते. त्र्यंबक तालुक्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीं २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत १०,००० मीटरांच्या धांवण्यांत कांस्यपदक मिळविलें. हितेंद्र व महेंद्र महाजन या नाशिकच्या डॉक्टर बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची सायकलशर्यत पुरी केली. अशा श्रमांत खर्चिलेलें अन्न परत घेणें हा चैनीचा प्रश्न नसून देह चालता ठेवण्याचा आहे. श्रमाच्या मानानें अन्न अपुरें पडलें म्हणजे हाडें ठिसूळ होतात, स्त्रियांचा मासिक धर्म बंद पडतो, मन खिन्न होतें. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१४ सालीं या अवस्थेस स्वतंत्र नांव देऊन खेळाडूंस सावध केलें.

आणि ही अवस्था खेळाडूंपुरतीच आहे असें कोणी समजूं नये. एकत्र कुटुंबांत जिचें ताट सर्वांत शेवटीं वाढलें जातें, ती घरची सून सोमवार धरते, फेरीस जाते, परत येऊन सर्वांसाठीं खिचडीहि तीच करते. तिच्या श्रमाचा आंकडा कोणत्याहि घड्याळांत उमटत नाहीं, आणि वजन उतरविण्याची लाट घरांत आली म्हणजे पहिली पोळी तिच्याच ताटांतून कमी होते. सासरे बैठकीवर बसून "फिरून आलों, थोडें तूप वाढ" म्हणतात, ती मात्र घेरी आली तरी चहावर भागविते. घरांतील वडील माणसांनीं आपल्या ताटाचा हिशेब जरूर मांडावा. पण त्याच वेळीं हेंहि पाहावें, कीं सुनेच्या व वयांत आलेल्या मुलीच्या ताटांत डाळ, दूध व पालेभाजी पुरेशी पडते कीं नाहीं. अंगावर पिणारें मूल असेल, तर त्या काळांत उतरविण्याची गोष्टच काढूं नये.

व्यवहारास सोपी अशी रीत आम्हांस सुचते ती अशी. तासभराच्या फिरण्याबद्दल कांहींहि परत खाऊं नये. पाणी किंवा पातळ ताक पुरे. दोन तासांहून अधिक मेहनत झाली, तर जो खर्च अंदाजला असेल त्याच्या निम्म्याइतकें खावें, आणि तें पुढील जेवणांतच मिळवावें, निराळें ताट मांडूं नये. आठवड्यांतून एकदां, ठरल्या वारीं, सकाळीं अनशापोटीं वजन करून तें दिनदर्शिकेवर टिपून ठेवावें. तीनचार आठवडे तें हललें नाहीं, तर परतीचा घास बंद करावा. आठवड्यास किलोहून अधिक वेगानें उतरूं लागलें, डोळ्यांपुढें अंधारी येऊं लागली, किंवा रात्रीं भुकेनें झोंप मोडूं लागली, तर तो वाढवावा. दिवसादिवसाच्या चढउतारास भिऊं नये, तो बहुधा पाण्याचा असतो.

मधुमेहासाठीं जे इन्सुलिन टोंचून घेतात, किंवा ज्यांच्या गोळ्यांनीं रक्तांतील साखर एकाएकीं उतरूं शकते, त्यांस हा नियम लागू नाहीं. त्यांनीं फेरीस निघण्यापूर्वीं, विशेषतः उपवास असतांना, आपल्या डॉक्टरांस विचारून औषधाचें प्रमाण ठरवून घ्यावें. वाटेंत खिशांत साखरेची पुडी असावी, आणि हातपाय थरथरूं लागतांच, सोमवार असला तरी, ती तोंडांत टाकावी.