हरणाच्या देहातील फ्रीडा
मेक्सिकोची चित्रकर्ती फ्रीडा काहलो हिने आत्मचित्र, म्हणजे चित्रकाराने स्वतःलाच विषय करून रंगवलेले चित्र, हे आपल्या ओळखीचा शोध घेण्याचे साधन मानले. १९४० मधील एका आत्मचित्रात पुरुषी सूट घातलेली ती कापलेल्या केसांच्या पसाऱ्यात कात्री घेऊन बसली आहे. त्याहून धाडसी आहे ते १९४६ मधील ‘जखमी हरीण’: पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली त्याच वर्षी रंगवलेल्या, वहीच्या पानाएवढ्या या चित्रात नऊ बाण रुतलेल्या हरणाच्या देहावर तिचा चेहरा असून मस्तकावर नराची शिंगे आहेत, त्यामुळे स्त्री-पुरुष आणि माणूस-प्राणी ही विभागणी एकाच देहात पुसली जाते. हे हरीण केवळ प्रतीक नव्हे, कारण तिने घरी पाळलेले ‘ग्रानिसो’ नावाचे हरीणच त्याला नमुना म्हणून लाभले होते.