गिमवीचा जंत आणि दुपारची लघवी

लघवी तपासायची म्हटलं की लॅबवाले सकाळची पहिली मागतात. शिस्टोसोमा हिमॅटोबियम या जंतापुढे मात्र हा शिरस्ता चालत नाही. मूत्राशयाभोवतीच्या शिरांत या जंताच्या नर-मादीचं बिऱ्हाड असतं. मादीची अंडी मूत्राशयाची भिंत भेदून लघवीत उतरतात, सोबत रक्तही येतं. अंडी सगळ्यात जास्त पडतात ती सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान. म्हणून नमुना तेव्हाचा हवा, आणि त्यात शेवटचे थेंबही हवेत; अंडी बहुधा त्यातच असतात.

आजार मुख्यतः आफ्रिकेतला. पण गाडगीळ आणि शहा यांनी 1952 साली भारतातलं त्याचं केंद्र नोंदवलं, ते गुहागर तालुक्यातल्या गिमवीत!

तपासणी जुनी आणि स्वस्त आहे. दहा मिली लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, वरचं ओतून द्यायचं, तळाच्या गाळाचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा. मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढं लांबट अंडं दिसतं, टोकाला बारीक काटा. काटा बाजूला असेल तर जात वेगळी, शिस्टोसोमा मॅन्सोनी. औषधानंतरही मेलेली अंडी काही काळ पडत राहतात. तेव्हा गाळ गोड्या पाण्यात सोडतात. अंडं जिवंत असेल तर ते फुटतं आणि आतली अळी भिंगाखाली सैरावैरा पोहू लागते. रक्तातल्या अँटिबॉडीवरून हा फरक कळत नाही, कारण रोगी बरा झाल्यावरही त्या वर्षानुवर्षं टिकतात.

गिमवीची खरी गोम गोगलगायीत आहे. आफ्रिकेत हा जंत बुलिनस गोगलगायीत वाढतो. ती आपल्याकडे नाही. गाडगीळ-शहांनी बोट ठेवलं फेरिसिया टेन्युइसवर, टोपीसारख्या कवचाच्या, जेमतेम काही मिलिमीटरच्या गोगलगायीवर. पुढे 1990 साली साउथगेट आणि अग्रवाल यांनी भारतातल्या मानवी शिस्टोसोमाचा प्रश्नच नव्याने उकरून काढला. गुरांना होणारे शिस्टोसोमाही आपल्या पाणवठ्यांत आहेतच. अंडं माणसाच्या जंताचं की गुरांच्या, हा वाद नुसत्या काट्यावरून मिटत नाही. तिथे अंड्यातला डीएनए पीसीआरने तपासायला हवा. रोग्याच्या निदानाला मात्र, माझ्या मते, आजही आधी भिंगच.

लघवीतून रक्त जाण्याला मुतखड्यापासून कर्करोगापर्यंत अनेक कारणं असतात, तेव्हा अंगावर काढू नका. आणि हा जंत पाण्यातूनच येतो, म्हणून ओढ्या-डोहात वावर असेल किंवा आफ्रिकेत राहून आला असाल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. त्याशिवाय दुपारचा नमुना कुणी मागणार नाही.