हळदीच्या रात्री गातं कोण?

लेखमाला ‘न पटणारी मतं’ : भाग ७

एप्रिल-मे महिन्यांत रात्री वासिंदहून कसाऱ्याकडे निघालं, की महामार्गालगतचं एक गाव मागे पडेपर्यंत पुढच्या गावाचा दणका सुरू झालेला असतो. आसनगाव, आटगाव, खर्डी, सगळीकडे लग्नसराई. मुरबाड तालुक्यातही तेच. सरळगाव, धसई, टोकावडे, कुठेही जा, हळदीचं घर कुणाला विचारावं लागत नाही. आवाजाच्या रोखाने चालत गेलं, की मांडव येतो. मांडवाबाहेर स्पीकरची उंच भिंत, तिच्यासमोर नाचणारी पोरं, आणि खुर्च्यांवर बसलेली, एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलणारी वडीलधारी माणसं.

या दृश्याबद्दल शहाण्या माणसांचं मत ठरून गेलेलं आहे. डीजेने आपलं लोकसंगीत मारलं, हळदीची गाणी थिल्लर झाली, पोरांना आपल्या मातीचं काही राहिलं नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात, सप्ताहाच्या कीर्तनात, गावच्या बैठकीत हे वाक्य म्हटलं, की माना डोलतात. ही लेखमाला अशाच डोलणाऱ्या मानांसमोर थोडं थांबायला सांगते. या भागातलं न पटणारं मत असं: हळदीला काय वाजतं याची चिंता आपण नको इतकी केली आहे. काळजी करायची तर गातं कोण, याची करायला हवी.

आधी थिल्लरपणाचं पाहू. माळशेज घाट चढून मुरबाडचा रस्ता जुन्नर तालुक्यात उतरतो. त्याच तालुक्यात नारायणगाव आहे, तमाशाची पंढरी. जत्रांच्या हंगामापूर्वी तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या देतात. याच नारायणगावचं नाव तमाशा कलावंत विठाबाईंनी महाराष्ट्रभर नेलं. पण स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात मुंबई राज्याच्या सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली होती आणि नंतर सुधारणेच्या अटी घालून ती उठवली. आज त्याच विठाबाईंच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देतं. २०१० साली ‘नटरंग’ आला, तेव्हा त्यातल्या लावणीवर शहरांतल्या सोसायट्यांच्या गणेशोत्सवात मुली नाचल्या. त्यांच्या आज्यांना तमाशाच्या कनातीजवळून जायलाही मनाई होती. लावणी तीच राहिली होती. ती कुणाच्या तोंडी आणि कुठल्या इमारतीत आहे, एवढंच बदललं होतं.

कॅसेटच्या काळात हेच पुन्हा घडलं. मुरबाडला अजून रेल्वे नाही. एसटीने कल्याण गाठायचं आणि तिथल्या बाजारातून लग्नाच्या बस्त्याबरोबर कॅसेटीही आणायच्या, असा तो काळ होता. आनंद शिंदे यांच्या ‘पोपट’ने ऐंशीच्या दशकात सगळ्या महाराष्ट्राचे मांडव दणाणून सोडले आणि सुशिक्षित घरांनी नाकं मुरडली. आनंद हे प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र. प्रल्हाददादांची विठ्ठलाची गाणी लागल्याशिवाय आजही गावाकडची आषाढी साजरी होत नाही. एकाच घरातून आलेल्या दोन आवाजांपैकी एकाला देव्हाऱ्याजवळ आणि दुसऱ्याला उकिरड्याजवळ बसवणारी रुची गाण्याची नसते. ती गाणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची पायरी पाहणारी असते. हळदीच्या गाण्यांना थिल्लर म्हणणाऱ्यांनी गावातल्या जुन्या बायकांना शिमग्याची गाणी म्हणायला सांगून पाहावीत. व्याह्या-विहिणींची, नणंदा-भावजयांची जी थट्टा त्यात चालते, तिच्यापुढे आजचा डीजे फार सोवळा वाटतो.

दुसरी तक्रार असते शुद्धतेची. हे आपलं नाही, बाहेरचं आहे. मग आपलं काय? ‘मी डोलकर’ हे कोळीगीत म्हणून घराघरांत पोचलं. ते लिहिलं शांता शेळके यांनी, ज्यांचा जन्म इंदापूरचा, समुद्रापासून कितीतरी दूरचा. आणि चाल हृदयनाथ मंगेशकरांची. म्हणून ते गाणं खोटं ठरत नाही. कोळीवाड्यांनीही ते आपलं म्हणून उचललं. हळदीत डीजेच्या आधी जी बेंजो पार्टी असायची, आणि जिच्यासाठी आता हळहळ व्यक्त होते, तिचं मुख्य वाद्य तर जपानी वंशाचं आहे. १९१२ साली नागोया शहरात तायशोगोतो नावाचं तारवाद्य निघालं. टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं. ते आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं आणि ठाणे-मुंबईच्या पोरांनी त्याला वीज जोडून ‘बेंजो’ केलं.

पेटीची गोष्ट याहून बोलकी आहे. गेल्या भागात आकाशवाणीने पन्नाशीच्या दशकात चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, ती हकिकत आली होती. त्याच आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती, कारण हे परदेशी वाद्य भारतीय सुरांना मारक आहे असं जाणकारांचं ठाम मत होतं. ती बंदी १९७१पर्यंत सैलावली नाही. त्या तीस वर्षांत शहापूर-मुरबाडच्या भजनी मंडळांनी पेटी एक दिवसही खाली ठेवली नाही. आज पेटीवाचून भजन म्हणजे काय, हे गावात कुणाला सांगता येणार नाही.

मग हरवलं ते काय?

हरवली ती धवलारीण. आगरी लग्नांत धवले म्हणणारी ही बाई नुसती गायिका नसे. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत एकेका विधीला कुठलं गाणं, कुणाला कुठे बसवायचं, कुठल्या देवाला आधी बोलवायचं, हे तिच्या तोंडात असे. वारल्यांच्या लग्नातही धवलेरीच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नसे. तिथे पुरोहिताचं काम एक बाई करते आणि ते गाऊन करते, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने मिरवायला हवी होती. धवले हा प्रकार मराठीत किती जुना आहे, ते महदाइसेमुळे कळतं. तेराव्या शतकात रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या कौतुकात तिने जे धवळे गायले, ते मराठी कवितेच्या आरंभीच्या ठेव्यांत मोजले जातात. म्हणजे मराठीची आद्य कवयित्री ही मांडवातली गाणारी होती.

धवलारिणीला डीजेवरच्या गाण्याने हरवलं नाही. तिला हरवलं ते आवाजाच्या पातळीने. तिच्यामागे सूर धरणाऱ्या चार-सहा बायका असत. त्यांच्यात एखादी सून असे, जिला हळूहळू सगळं पाठ होत जाई. शिकायची शाळा तीच. स्पीकरची भिंत उभी राहिली, की त्या बायकांना एकमेकींचा सूर ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते मागून म्हणता येत नाही. आता धवले यूट्यूबवरही सापडतात. ते जपले जात आहेत, याचा आनंद आहेच. पण मांडवात ते स्पीकरवरून वाजले, तरी सून गप्पच राहते.

सगळा दोष यंत्राच्या माथी मारणंही बरोबर नाही. जात्यावरच्या ओव्या पाहा. हेमा राईरकर आणि गी पोइटवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावागावांत फिरून बायकांच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचं ते भांडार २०१७पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर लोकांसाठी खुलं होत गेलं आहे. ओवी थांबली ती सिनेमाच्या गाण्यामुळे नव्हे. गावात पिठाची गिरणी आली, पहाटेचं दळण सुटलं आणि दळणाबरोबर ओवी सुटली. बायकांच्या खांद्यावरचं ते ओझं उतरलं, ते उत्तमच झालं. आवणीच्या गाण्यांचंही तसंच. भाताची आवणी अजून हातानेच होते, पण पाळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबणारी माणसं कमी झाली. घरातले तरुण सकाळच्या लोकलने कल्याण-ठाण्याला जातात. चिखलात दोघं-तिघंच वाकलेली असली, तर गाणं सुरू कोण करणार आणि झेलणार कोण?

आणखी एक गोष्ट आहे, ती हळहळ करणारे सहसा बोलत नाहीत. सनई, ढोल, डफडं वाजवणारे वाजंत्री बहुतेक गावांत ठरावीक जातींतले असत. वाजवणं हा त्यांचा मान होता, असं आज म्हटलं जातं; पण पुष्कळ ठिकाणी ते बलुत्याचं बंधन होतं आणि जेवणाच्या पंगतीत त्यांना वेगळं बसवलं जाई. त्यांच्या मुलांनी शिकून ते काम नाकारलं असेल, तर त्या नकारामागे डॉ. आंबेडकरांनी दिलेला स्वाभिमान आहे. ‘पूर्वी काय सनई वाजायची’ असं म्हणताना हा हिशेब आधी मांडायला हवा. सनई परत यावी असं वाटत असेल, तर वाजवणाऱ्याला डीजेवाल्याइतका मोबदला आणि मांडवात खुर्ची द्यावी लागेल.

तारप्याची कथा वेगळी. वाळलेल्या भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या बसवून, मेणाने सांधून आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा जोडून हे वाद्य तयार होतं. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार, मोखाडा, डहाणू हे तारप्याचे मुख्य मुलूख तिकडे गेले. ठाणे जिल्ह्यात उरलेल्या आदिवासी पाड्यांत शहापूर आणि मुरबाडचा वाटा मोठा. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांनी तारप्याचा फेर जगभर नेला. हॉटेलांच्या भिंतींवर, साड्यांच्या पदरांवर तो आला. त्या चित्रात नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. मधोमध वाजवणारा, भोवती नाचणारे, आणि पाहणारा कुणीच नाही. सगळं गाव फेरात आहे.

आज तारपा बहुतेक वेळा भेटतो तो कार्यक्रमाच्या सुरुवातीला, पाहुण्यांच्या स्वागताला. फेर उलगडून सरळ रांग होते, तोंडं व्यासपीठाकडे वळतात, आणि रात्रभर चालणारा नाच सूत्रसंचालकाच्या सूचनेने काही मिनिटांत आटोपतो. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, मिरवणुकीत तारपा असतो आणि मागे डीजेही असतो. त्या डीजेवर पाड्यावरची पोरंपोरी हात धरून एकत्र नाचतात, तेव्हा जाणकार नाराज होतात. पण ज्या नाचात बघ्या आणि नाचणारा असा भेद नाही, तो तारप्याच्या मूळ फेराला व्यासपीठावरच्या रांगेपेक्षा जवळचा आहे. हे मत अनेकांना आवडणार नाही. तरी तारपा जगवायचा, तर व्यासपीठावरून उतरवून त्याला पुन्हा खळ्यात रात्रभर वाजू देण्याखेरीज दुसरा मार्ग दिसत नाही.

गाणाऱ्यांची संख्या हीच खरी कसोटी, हे भजनावरून सिद्ध होतं. हरिनाम सप्ताहात मायक्रोफोन आहे, मोठे स्पीकर आहेत, पेटी आहे, आता कीबोर्डही शिरू लागला आहे. तरीही हरिपाठ मेला नाही. कारण त्याची रचनाच अशी की एकट्याने म्हणून भागत नाही. टाळकऱ्यांनी उचलून धरलं नाही, तर तो पुढे जात नाही. आठ-दहा वर्षांचा पोरगाही टाळ घेऊन रांगेत उभा राहतो आणि दोन-तीन वर्षांत त्याला पंचवीस-तीस अभंग पाठ झालेले असतात.

याच कसोटीवर २०१७चं ‘सोनू’ पाहावं. भरवशावरून सोनूला छेडणारं ते गाणं बुद्धिवंतांनी बाष्कळ ठरवलं. पण त्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या घराघरांत, वर्गावर्गांत, कचेऱ्यांत लोकांनी त्यात आपले शब्द घालून ते म्हटलं. रेडिओ निवेदिका मलिष्का हिने मुंबईच्या खड्ड्यांवर त्याची आवृत्ती केली. ती पालिकेला इतकी झोंबली, की तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस गेली. चाल सोपी, जागा मोकळी, ज्याला जे खुपतं ते त्याने भरावं: ओवीचं आणि भारुडाचं बळ यातच होतं. तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला जातं, आणि त्याच शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. या दुःखावर कुणी त्याच चालीत चार ओळी बांधल्या असतील, तर त्या संग्रहालयात ठेवलेल्या कुठल्याही लोकगीताइतक्या खऱ्या आहेत.

आवाजाचा प्रश्न मात्र निराळा आहे, आणि तिथे कायद्याच्या बाजूनेच उभं राहायला हवं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. २०१८च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयाने डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला. म्हातारी माणसं, तान्ही बाळं, परीक्षेची पोरं यांच्या कानांचा आणि झोपेचा हा हक्क आहे. पण या नियमाचा आधार घेऊन गाण्याच्या अभिरुचीवर निकाल देणं चुकीचं. मर्यादेपलीकडे गेलेलं भजनही बंदच व्हायला हवं, आणि मर्यादेतली हळद सुखाने नाचू द्यायला हवी.

करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला फारसा खर्च नाही. हळदीच्या संध्याकाळी डीजे सुरू होण्याआधीचा एक तास घरातल्या बायकांचा ठेवावा. स्पीकर बंद, मांडवात त्यांचंच गाणं. जिथे धवलारीण अजून आहे, तिथे तिला बोलवावं आणि तिच्या शेजारी दोन तरुण मुली मुद्दाम बसवाव्यात. आश्रमशाळांत गाण्याचा तास गावातल्या आजींना द्यावा आणि त्याचं मानधन द्यावं. बेंजो पार्टीतली पोरं हल्ली सुपारीअभावी कंपन्यांत लागली आहेत. त्यांना हळदीला बोलावलं, तर हातांनी वाजवणारी माणसं गावात उरतील.

पुढच्या भागात पौष पौर्णिमेची म्हशाची जत्रा: बैलबाजार, घोंगड्यांची दुकानं, तमाशाचे फड, आणि जत्रेतलं संगीत विकत घेणाऱ्याच्या खिशाने कसं ठरत आलं आहे, याची चर्चा.